कमी दिसणाऱ्यांच्या फोनवरची मोठी स्क्रीन सारखी का जाते, आणि ती टिकवायची कशी

घरात कुणाला कमी दिसतंय म्हणून त्यांच्या फोनवर मोठ्या चौकोनांचं सोपं लाँचर (म्हणजे फोनचा होमस्क्रीनच बदलणारं ॲप) टाकलं, अक्षरं मोठी केली, वाचून दाखवणारं ॲप चालू केलं, चार दिवस सगळं झकास चाललं आणि मग एक दिवस सकाळी फोन परत पहिल्यासारखा, बारकी चित्रं, बारकी अक्षरं, आवाज गायब. मग पोराला नाहीतर पुतण्याला हाक मारायची, तो पाच मिनिटात परत लावून देतो आणि जातो, पुढच्या आठवड्यात परत तेच. आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत आणि नातेवाईकांत मिळून हे इतक्या फोनवर बघितलंय की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकतो. अँड्रॉइडबद्दलच लिहितोय, आयफोनचं शेवटी थोडं आहे.

सगळ्यात आधी हे की फोन बिघडलेला नसतो. आमच्या आबांचा (माझे थोरले चुलते, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, शुगरमुळं डोळ्याचा पडदा खराब झालाय) फोन राजारामपुरीतल्या एका दुकानात दाखवला तर त्यानं काही न विचारता फॅक्टरी रिसेट मारून हातात दिला, वर पैसे घेतले. नंबर गेले, फोटो गेले, आणि मोठी स्क्रीन परत लावल्यावर ती नेहमीसारखी पुन्हा गेलीच, कारण रोग वेगळाच होता. तेव्हा कुणी रिसेट म्हटलं की फोन परत मागून घ्या.

नक्की काय गेलंय ते आधी बघा. लोक सगळ्याला मिळून 'सेटिंग गेलं' म्हणतात पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींची कारणं वेगळी आहेत. सेटिंग्ज उघडा, तिथली अक्षरं अजून मोठीच आहेत पण नुसता होमस्क्रीन बदललाय, तर लाँचरचा घोळ आहे. होमस्क्रीन तसाच आहे पण वाचून दाखवणं किंवा भिंग चालत नाही, तर ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस (स्क्रीनवरचं वाचायची, मोठं करून दाखवायची ॲपला दिलेली खास परवानगी) बंद पडलीय. आणि सेटिंग्जमधली अक्षरंसुद्धा बारकी झालीत तर ते सहसा आपोआप होत नसतं, कुणीतरी हातानं केलंय, नाहीतर फोनचा स्वतःचा सोपा मोड कुणीतरी बंद केलाय आणि त्याच्याबरोबर अक्षरंही परत लहान झालीत. घरातल्या बारक्या पोरांना विचारा, त्यांना आजोबांच्या फोनवर गेम खेळताना मोठी अक्षरं आडवी येतात.

आता दुसरा प्रकार, म्हणजे सर्व्हिस बंद पडणं, यावरच जास्त लिहितो कारण दहातल्या बहुतेक तक्रारी याच निघतात आणि लोकांना खरं कारण कधीच कळत नाही.

आबा फोन कसा वापरतात ते मी एकदा शेजारी बसून नुसता बघत राहिलो. फोन नाकाजवळ धरतात, मान थोडी डावीकडं वाकडी करून कडेनं बघतात कारण मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. कॉल झाला की अंगठा खालून वर ओढतात, उघडलेली ॲप रांगेत दिसतात, आणि खाली मधोमध जो गोल क्रॉस असतो तो दाबतात. प्रत्येक वेळी. का दाबता विचारलं तर म्हणाले, "पोरानं सांगितलंय, बंद केलं की फोन फास्ट चालतोय." आणि रोग इथंच आहे. कितीतरी फोनमध्ये हा क्रॉस दाबला की ॲप नुसतं मिटत नाही, फोर्स स्टॉप होतं, म्हणजे जबरदस्तीनं पूर्ण बंद पाडलं जातं. आणि अँड्रॉइडचा नियमच असा आहे की ज्या ॲपची ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस चालू आहे ते फोर्स स्टॉप झालं की ती सर्व्हिसही यादीतून बंद होते, नुसती थांबत नाही तर चक्क ऑफ होते, मग ॲप परत उघडलं तरी ती आपण होऊन चालू होत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन बटण परत ऑन करावं लागतं, आणि ते बटण बघायला ज्याला ही सर्व्हिस लागते त्याला ते दिसणार कसं! म्हणून पुतण्याला हाक. पुतण्या ऑन करतो, आबा संध्याकाळी क्रॉस मारतात.

उपाय असा. ती ॲपची रांग उघडा, त्यात तुमच्या लाँचरच्या किंवा वाचणाऱ्या ॲपच्या कार्डावर बोट दाबून धरा किंवा कोपऱ्यातले टिंब दाबा, कुलपाचं चित्र येतं, ते दाबा. कुलूप लावलं की क्रॉस मारला तरी ते ॲप जात नाही. नंतर बॅटरीत जा. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, तिथं अनरिस्ट्रिक्टेड किंवा नो रिस्ट्रिक्शन्स करा. शाओमी, रेडमी, पोको असेल तर त्याच पानावर किंवा परमिशनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून असतं, ते ऑन. ओप्पो, रिअलमीमध्ये ऑटो लाँच आणि बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी अशी दोन बटणं असतात, दोन्ही ऑन पाहिजेत, एकच केलं तर उपयोग नाही. विवोत बॅटरीखाली हाय बॅकग्राउंड पॉवर कन्झम्पशनची यादी असते त्यात परवानगी द्या. सॅमसंगला बॅटरीत बॅकग्राउंड युसेज लिमिट्स, आणि तिथं नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्समध्ये हे ॲप टाका. नावं व्हर्जनप्रमाणं थोडी इकडं तिकडं होतात, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये ऑटो किंवा बॅटरी टाका, निघतं.

आणि कुलूप लावलं तरी क्रॉस दाबायची सवय सोडायला सांगाच. 'फोन फास्ट होतो' हा समज घराघरात इतका घट्ट बसलाय की सांगून पटत नाही. वास्तविक सारखी सारखी ॲप मारून परत उघडायला फोनला जास्त काम पडतं. फोन क्लीनर, रॅम बूस्टर, बॅटरी डॉक्टर असली कुठलीही ॲप असतील तर ती आधी काढून टाका, त्यांचा धंदाच सगळ्यांना मारत सुटायचा आहे. फोनच्या आतच कंपनीनं दिलेलं सिक्युरिटी किंवा क्लीनर ॲप असतं ते काढता येत नाही, पण त्यातलं ऑटो क्लीन किंवा 'लॉक झाल्यावर मेमरी साफ करा' असलं काही असेल तर बंद करता येतं. रात्रीत आपोआप गेलं म्हणतात ना, बऱ्याचदा हेच असतं.

फक्त होमस्क्रीन गेला असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, होम ॲप, तिथं आपलं लाँचर निवडा. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण परत परत का जातं ते बघायचं असेल तर तीन जागा आहेत. सिस्टम अपडेट आल्यावर किंवा कुणी नवी थीम लावल्यावर काही फोन स्वतःचा होमस्क्रीन पुढं करतात. बॅटरी पंधरा-वीस टक्क्यांवर आली की येणारा पॉवर सेव्हिंगचा प्रश्न, त्यात न दिसता 'हो' दाबलं गेलं आणि ते सुपर किंवा अल्ट्रा वालं सेव्हिंग असेल तर फोन स्वतःची काळी साधी स्क्रीन लावतो, मोजकी चित्रं ठेवतो, आणि माणूस म्हणतो माझं सगळं गेलं. चार्जिंगला लावून सेव्हिंग बंद करा, सगळं परत येतं. तिसरं जुन्या फोनचं, लाँचर मेमरी कार्डवर हलवलेलं असणं, फोन चालू होताना कार्ड उशिरा वाचलं जातं आणि तोवर फोननं स्वतःचा होमस्क्रीन लावलेला असतो. ॲप फोनच्या मेमरीत घ्या.

आणि एक, जे खरं म्हणजे बिघाड नाहीच. कमी दिसणारा माणूस चित्रावर बोट ठेवून शोधत असतो, बोट जास्त वेळ टेकतं, फोनला वाटतं हे दाबून धरलंय, चित्र उचललं जातं आणि हात हलला की भलतीकडंच जाऊन पडतं नाहीतर रिमूव्ह होतं. मग 'व्हॉट्सॲप गेलं'. व्हॉट्सॲप कुठं जात नाही, नुसतं चित्र गेलेलं असतं. होमस्क्रीन सेटिंग्जमध्ये लॉक लेआउट असतं ते ऑन करा, आणि ॲक्सेसिबिलिटीत टच अँड होल्ड डिले असतो तो लाँग करा. या दोन सेटिंगनं आमच्याकडच्या बऱ्याच हाका बंद झाल्या म्हणलं तरी चालेल, आणि ही गोष्ट कुठल्या दुकानदारानं आजवर कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

बँकेचं ॲप हे एक वेगळंच कारण. शेजारच्या काकू महाद्वार रोडला ओटीचं सामान आणि फुलं विकतात, त्यांना काचबिंदू आहे. गिऱ्हाईक क्यूआरला पैसे टाकतं, ते स्पीकर बोलतो, तिथवर ठीक. पण बॅलन्स बघायला त्या बँकेचं ॲप उघडायच्या आणि ते म्हणायचं की फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी परवानगी असलेलं धोकादायक ॲप आहे, आधी बंद करा. त्यांचा पोरगा बंद करायचा, बॅलन्स बघायचा, आणि परत चालू करायचं राहून जायचं. काकू मला म्हणाल्या, "मी काय केलो न्हाई बाबा, आपोआप जातंय बघ." त्यांच्या दृष्टीनं खरंच आपोआप.

बँकांचं पण सगळं चूक नाही. फसवणारी लोकं व्हॉट्सॲपवर गाडीच्या चलनाची नाहीतर सरकारी योजनेची म्हणून एपीके (प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवायची फाइल) पाठवतात, त्यात हीच परवानगी मागतात आणि मग स्क्रीनवरचं सगळं वाचून खातं साफ करतात. म्हणून बँकेचं ॲप बाहेरच्या सर्व्हिसकडं संशयानं बघतं. पण फोनमध्ये आधीपासून असलेला टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारा) किंवा फोनचंच मॅग्निफिकेशन (भिंग) चालू असताना अशी अडवणूक क्वचितच होते. काकूंचं बाहेरचं भिंगाचं ॲप काढून फोनचंच मॅग्निफिकेशन लावून दिलं, प्रश्न मिटला. तरीही एखादी बँक टॉकबॅकलाच अडवत असेल तर लेखी तक्रार करा, नुसतं कौंटरवर बोलून येऊ नका. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत असणाऱ्यांना अल्पदृष्टी म्हणून धरलंय, म्हणजे पूर्ण अंध नसलेली आपली माणसंही त्यात येतात. आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरून केवायसी दिव्यांगांना करता येईल अशी करा म्हणून वीस निर्देश दिलेत, ते डोळे मिचकवून दाखवायच्या केवायसीवरनंच निघालं होतं. तक्रारीत या दोन्हीचा उल्लेख केला की कागद जरा लवकर हलतो.

एपीकेवरनं आठवलं. अँड्रॉइड १३ पासून, ब्राउझरमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीकेनं बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की बटण फिकट दिसतं आणि रिस्ट्रिक्टेड सेटिंग म्हणून सांगतं. लोक समजतात फोन खराब. ते मुद्दाम अडवलेलं आहे. ॲप खात्रीचं असेल तर ॲप इन्फोमध्ये वरच्या तीन टिंबांत अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज असतं (एकदा अडवलं गेल्यावरच ते दिसतं). पण माझं मत विचाराल तर प्ले स्टोअरवर नसलेलं असलं ॲप वयस्कर माणसाच्या फोनवर टाकूच नका.

सर्व्हिस यादीत ऑनच दिसतेय पण चालत नाही, असंही होतं, विशेषतः ॲप अपडेट झाल्यावर. कधी कधी नावाखाली बारीक अक्षरात 'मालफंक्शनिंग' लिहिलेलं असतं. ऑफ करून परत ऑन करा, नाही जमलं तर फोन रिस्टार्ट. पुढं काही करावं लागत नाही.

आवाज चालू आहे पण मराठी वाचत नाही, इंग्रजी तेवढं वाचून मराठीला गप्प बसतो किंवा हिंदीच्या धाटणीत काहीतरी भलतंच म्हणतो, ही तक्रारही अपडेटनंतर येते. सेटिंग्जच्या सर्चमध्ये टेक्स्ट टू स्पीच टाका. तिथं इंजिन बदललेलं असतं, ते परत गुगलचं करा (आधी नाव स्पीच सर्व्हिसेस बाय गुगल होतं, आता स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस), मग शेजारच्या दातेरी चाकाच्या चित्रात जाऊन इन्स्टॉल व्हॉइस डेटा, मराठी, डाउनलोड. डाउनलोड करायला विसरू नका, नाहीतर रेंज असेल तिथंच नीट बोलतो, आणि गावाकडं राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला गेलं की मुका. बोलायचा वेग पण कमी करून ठेवा, पहिल्यापासून आहे तो वेग आपल्या आज्ज्यांना झेपत नाही.

याच्या उलटा प्रकार म्हणजे नको असताना टॉकबॅक चालू होणं. फोन अचानक सगळं बोलायला लागतो, एका टॅपनं काही उघडत नाही, हिरवी नाहीतर निळी चौकट फिरते, वर-खाली सरकत नाही, लोक घाबरून फोन बंद करतात. पिशवीत, खिशात आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबली गेली की हे होतं, शॉर्टकट तिथं लावलेला असतो. बंद करायलाही तेच, दोन्ही बटणं तीन सेकंद. नाही झालं तर लक्षात ठेवा, टॉकबॅकमध्ये एकदा टॅप म्हणजे निवड, मग कुठंही दोनदा टॅप म्हणजे उघड, आणि सरकवायचं दोन बोटांनी. गुगल असिस्टंट चालू असेल तर 'टर्न ऑफ टॉकबॅक' म्हटलं तरी बंद होतं. ज्यांना टॉकबॅक लागतच नाही त्यांचा हा शॉर्टकट काढून टाका, आणि त्या जागी मॅग्निफिकेशन द्या. दोन्ही एकाच शॉर्टकटवर ठेवू नका, मग कुठलं पाहिजे म्हणून बारीक यादी येते आणि परत आपली पंचाईत.

मॅग्निफिकेशनला तीनदा टॅप करायचा शॉर्टकट असतो तो मात्र शक्यतो नको. ज्याला दिसत नाही तो बटण लागलं का नाही म्हणून तीन-चार वेळा टकटक करतोच, स्क्रीन एकदम फुगते, कोपरा एवढाच दिसतो आणि 'स्क्रीन अडकली'. शिवाय तो शॉर्टकट चालू असला की प्रत्येक टॅपनंतर फोन पुढचा टॅप येतोय का बघायला क्षणभर थांबतो, म्हणजे सगळाच फोन मंद वाटतो. मग आबा परत क्रॉस मारायला मोकळे!

आता एक गोष्ट जरा सविस्तर, कारण यात सॉफ्टवेअर चुकत नाही, लावणारा चुकतो. जेवढं मोठं तेवढं चांगलं असं नसतं. आबांचा मधला पडदा गेलाय, त्यांना अक्षर मोठं पाहिजे, चार मोठे चौकोन एकदम योग्य. काकूंना काचबिंदू, त्यांना कडेचं दिसत नाही, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. त्यांच्या फोनवर पण पोरानं आबांसारखेच चार मोठे चौकोन लावले होते, त्यामुळं त्यांना एका वेळी अर्धाच चौकोन दिसायचा, पूर्ण स्क्रीनवर काय आहे ते कळायलाच वेळ लागायचा, आणि वैतागून त्या नातीकडनं 'पहिलं होतं तसं' करून घ्यायच्या. म्हणजे इथं स्क्रीन जात नव्हती, घालवली जात होती. त्यांना अक्षर मध्यम, ठळक, काळ्यावर पांढरं असं करून दिलं, सगळी चित्रं मधल्या दोन ओळीत आणली, तेव्हापासून बदललेलं नाही. डोळ्याच्या डॉक्टरला नुसतं 'नंबर किती' न विचारता मधलं जातंय का कडेचं ते विचारून घ्या, मग फोनला हात लावा.

ठळकपणाचंही तसंच, हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट इंग्रजीला चांगलं दिसतं पण मराठीत अक्षर लहान असेल तर जोडाक्षरं आणि मात्रा एकमेकांत मिसळून गिचमिड होते. लावून बघा, वाचायला द्या, नाही आवडलं तर बोल्ड टेक्स्ट पुरेसं आहे.

अक्षरं मोठी केल्यावर पैसे पाठवायचं बटणच दिसत नाही ही तक्रार तर कायमची. फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ असे दोन सरकते दांडे असतात. लोक दोन्ही उजवीकडं टोकाला नेतात. डिस्प्ले साइझनं सगळंच फुगतं, बटणं, चौकटी, आणि काही ॲपमध्ये खालचं 'पे' स्क्रीनच्या बाहेर जातं, सरकवताही येत नाही. मग कुणीतरी तेवढ्यापुरतं सगळं लहान करतं आणि तसंच राहतं, हे पण 'आपोआप जातंय' मध्येच मोजलं जातं. डिस्प्ले साइझ मधल्या खुणेवर किंवा एक पायरी वर एवढंच ठेवा, फॉन्ट पाहिजे तेवढा वाढवा. अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं त्याच प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळं पान कमी बिघडतं. पिन टाकताना टॉकबॅक आकडे मोठ्यानं बोलू शकतो, दुकानात असाल तर इअरफोन.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयाची ते बोलतं, नेट लागत नाही. नवी वीस आणि दोनशे दोन्ही पिवळसर, संध्याकाळी बल्बच्या उजेडात काकूंची गफलत व्हायची. (नोट खरी का खोटी ते मात्र ते सांगत नाही, नाहीतर त्या भरवशावर राहाल.) हे ॲप पण 'बंद पडलं' म्हणून येतं. काही महिने उघडलं नाही तर अँड्रॉइड ११ पासून कॅमेऱ्याची परवानगी काढून घेतली जाते. ॲप इन्फोत परवानगी परत द्या आणि तिथंच खाली 'वापरलं नाही तर थांबवा' अशा अर्थाचं बटण असतं ते ऑफ करा.

मग शेवटी लावायचं काय? माझं सरळ मत, बाहेरचं लाँचर अगदीच गरज असेल तरच. बऱ्याच फोनमध्ये कंपनीचाच सोपा मोड असतो, सॅमसंगला डिस्प्लेमध्ये ईझी मोड, शाओमीला लाइट मोड, ओप्पो-रिअलमीला सिंपल मोड. दिसायला बाहेरच्या इतका सुंदर नसेल पण फोन स्वतःच्या ॲपला मारत नाही, बँक त्याच्यावर संशय घेत नाही, अपडेटमध्ये तो सहसा टिकतो. फुकटची 'बिग आयकॉन' म्हणून जी लाँचर मिळतात त्यातल्या कित्येकांत मध्येच पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते आणि ती घालवायचा क्रॉस मुंगीएवढा, ज्याला दिसत नाही त्याच्यापुढं हे ठेवणं म्हणजे चेष्टाच. लॉकस्क्रीनवर रोज बदलणारे फोटो-बातम्या पण बंद करा, साधं काळं वॉलपेपर ठेवा, घड्याळ तरी दिसेल. आयफोन असेल तर आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, असिस्टिव्ह ॲक्सेस आहे, बाजूचं बटण तीनदा दाबून आणि पासकोड टाकून त्यातून बाहेर यावं लागतं, त्यामुळं चुकून जात नाही, वर लिहिलेली निम्मी कटकट तिथं नाही, पण किमतीचं काय बोलायचं.

सगळं लावून झाल्यावर फोन लगेच देऊन टाकू नका. आधी तुम्ही स्वतः ॲपच्या रांगेत जाऊन क्रॉस मारा. मग रिस्टार्ट करा. मग पॉवर सेव्हिंग लावून काढा. बँकेचं ॲप उघडून बघा. फोन रात्रभर न हात लावता ठेवा आणि सकाळी बघा. कुठल्या पायरीला मोठी स्क्रीन किंवा आवाज गेला ते कळलं की वरचं कुठलं कारण आहे ते तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही. आणि ज्यांचा फोन आहे त्यांच्याकडूनच दोन बटणांचा शॉर्टकट चार वेळा करून घ्या, त्यांच्याच हातानं, तुम्ही बोट धरून नाही.